सीपॅपचा मास्क रात्री मधेच निघतो? आधी कारण शोधा

"रात्री अकराला मास्क लावून झोपतो. दोनला जाग येते तेव्हा तो उशाशी पडलेला असतो. कधी काढला, काही आठवत नाही." सीपॅप सुरू केलेल्या रुग्णांची ही नेहमीची तक्रार आहे. कोणाला मास्क लावताच गुदमरल्यासारखे होते, कोणाचे तोंड कोरडे पडते, कोणाचे पोट फुगते. असे दोन-तीन आठवडे चालले की यंत्र कपाटात जाते आणि "मला काही ते जमलं नाही" हे डॉक्टरांना सांगायचाही संकोच वाटू लागतो.

मास्क मधेच निघणे म्हणजे तुमची जिद्द कमी पडली असे नाही. झोपेत हात मास्ककडे जातो, त्यामागे बहुतेक वेळा एखादा त्रास असतो: चोंदलेले नाक, डोळ्यांवर येणारी हवा, सुकलेला घसा, कमी किंवा जास्त पडणारा दाब. त्रास नेमका कोणता ते कळले, तर बहुतेक वेळा उपायही सापडतो. तो ओळखण्याची सोपी खूण म्हणजे मास्क रात्री कोणत्या वेळी निघतो, हे पाहणे.

यंत्र नेमके काय करते?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. अडथळ्याचा स्लीप ॲप्निया असलेल्या व्यक्तीत जीभ आणि टाळूच्या मागची जागा इतकी अरुंद होते की श्वास अर्धवट किंवा पूर्ण अडतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घोरण्याच्या मोठ्या आवाजासह श्वास पुन्हा सुरू होतो आणि थोड्या वेळाने तेच घडते. किमान १० सेकंदांचे असे अडथळे तासाला सरासरी किती येतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र आजार.

सीपॅप यंत्र हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवते. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९८१ मध्ये प्रथम वैद्यकीय नियतकालिकात मांडली. हे यंत्र ऑक्सिजन देत नाही, खोलीतलीच हवा देते. दाबही फार नसतो. बहुतेक यंत्रे पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीइतका दाब देतात. १० सेंटिमीटरचा दाब म्हणजे आपल्या भोवतीच्या वातावरणाच्या दाबाचा साधारण शंभरावा भाग. त्याने फुप्फुसे "कमजोर" होत नाहीत आणि यंत्राची "सवय लागून" स्वतःचा श्वास बंद पडत नाही.

मात्र मास्क निघाला की आधार गेला. सीपॅप चष्म्यासारखे आहे, लावलेले असते तेवढा वेळच काम करते.

"चार तास पुरे" हे अर्धसत्य

अनेक रुग्णांनी कुठेतरी ऐकलेले असते की रोज चार तास वापर झाला म्हणजे झाले. हा आकडा मुख्यतः अमेरिकेतील सरकारी विम्याच्या नियमातून पसरला आहे. सलग ३० दिवसांपैकी ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर, अशी ती अट आहे. यंत्राचा खर्च विम्याने द्यायचा का, हे ठरवण्यासाठी ती केली आहे. उपचाराचे ध्येय तिथे संपत नाही.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या फायद्यांसाठी वेगवेगळा वापर लागल्याचे दिसले. रोज सुमारे ४ तास वापरल्यावर दिवसाची पेंग कमी झाल्याचे रुग्णांना जाणवू लागले. चाचणीत पेंग कमी झाल्याचे दिसायला सुमारे ६ तास आणि रोजची कामे पूर्ववत होण्यासाठी साधारण साडेसात तास वापर लागला. प्रत्येकाचे शरीर वेगळे असते, पण जितका जास्त वेळ वापर तितका फायदा, हा कल स्पष्ट होता.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या "सेव्ह" या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हृदयविकार किंवा पक्षाघातासारखा आजार आधीच असलेले रुग्ण होते. त्यांचा सीपॅपचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच झाला. पेंग, घोरणे आणि मनःस्थिती यांत सुधारणा झाली, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही. अपुरा वापर हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते.

मास्क बहुधा उत्तररात्री निघतो आणि नेमका तोच काळ महत्त्वाचा असतो. स्वप्नांची झोप, जिला रेम झोप म्हणतात, पहाटेकडे वाढत जाते. या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात. त्यामुळे अनेकांचे श्वास अडणे तेव्हा जास्त वेळा आणि जास्त वेळ होते. रात्री ११ ते २ मास्क होता आणि २ ते ६ नव्हता, तर सर्वांत कठीण तास उपचाराविना गेले.

याचा अर्थ तीन तासांचा वापर फुकट गेला असा नाही. तीनावरून चारावर, चारावरून साडेपाचावर जायचे आहे, इतकेच.

मास्क केव्हा निघतो?

एक आठवडा वही ठेवा. मास्क किती वाजता लावला, किती वाजता निघालेला आढळला, तेव्हा नाक, तोंड, पोट कसे होते, एवढ्या गोष्टी सकाळी उठल्यावर लिहा. त्यातून साधारण चारपैकी एक चित्र दिसते.

*पहिले: झोप लागण्याआधीच नकोसे होते.* चेहरा झाकला गेल्याची भीती किंवा श्वास सोडताना हवा अंगावर आल्यासारखे वाटणे, ही कारणे असतात. अशा वेळी मास्कची पहिली ओळख झोपेच्या वेळी करूच नका. दिवसा टीव्ही पाहताना यंत्र न जोडता नुसता मास्क १०-१५ मिनिटे हाताने चेहऱ्यावर धरा. ते सोपे वाटले की पट्टे लावा. मग यंत्र सुरू करून बसल्या बसल्या श्वास घ्या. त्यानंतर दुपारच्या डुलकीला वापरा. एकेका पायरीला दोन-तीन दिवस लागले तरी हरकत नाही. यंत्रातील "रॅम्प" सोयीमुळे दाब कमी राहून हळूहळू वाढतो, आणि श्वास सोडताना दाब किंचित उतरवण्याची सोयही अनेक यंत्रांत असते. या दोन्ही चालू आहेत का, ते तंत्रज्ञाला विचारा.

*दुसरे: झोप लागते, पण तासा-दोन तासांत मास्क निघतो.* इथे मास्कमधून हवा गळणे, नाक चोंदणे किंवा तोंड कोरडे पडणे, यांपैकी एखादे कारण बहुधा सापडते. पुढे यावर सविस्तर पाहू.

*तिसरे: लघवीला उठल्यावर परत लावला जात नाही.* पूर्ण मास्क काढू नका. बहुतेक मास्कमध्ये नळी एका झटक्यात वेगळी होते, तेवढी काढा आणि परत आल्यावर जोडा. अंधारात हे जमावे म्हणून दिवसा चार-पाच वेळा सराव करा. स्लीप ॲप्नियामुळेही रात्री लघवीला जास्त जावे लागते आणि उपचार नीट होऊ लागल्यावर अनेकांच्या फेऱ्या कमी होतात.

*चौथे: पहाटे नकळत निघतो.* रेम झोपेत दाब अपुरा पडणे, डोक्याचे पट्टे सैल होणे, कूस बदलताना नळी ओढली जाणे ही कारणे तपासा. नळी डोक्याच्या वरच्या बाजूने आणा, म्हणजे वळताना ती अडकत नाही. मास्क निघाल्यावर वाजणारा गजर काही यंत्रांत असतो, तो सुरू करून घ्या. जाग आली आणि मास्क नाही असे दिसले, तर घड्याळ न पाहता परत लावा. "आता तासच उरलाय" असे म्हणून सोडू नका. तोच तास कामाचा आहे.

मास्क गळतो कुठून?

मास्क गळू लागला की पट्टे घट्ट आवळावेसे वाटतात. त्याने नाकाच्या दांडीवर वळ उठतात आणि गळती बऱ्याचदा वाढते, कारण मास्कची मऊ कड फुगून चेहऱ्यावर बसायला जागाच उरत नाही. पट्टे बसून नव्हे, झोपल्यावर आणि यंत्र सुरू असताना जुळवा. पट्ट्याखाली एक-दोन बोटे जातील इतपत ते सैल असावेत.

काही कारणे आपल्या घरांत नेहमीची आहेत:

- रात्री डोक्याला तेल लावले की पट्टे घसरतात. तेल सकाळी अंघोळीआधी लावा.
- चेहऱ्यावर क्रीम किंवा तेलाचा हात असेल तर सिलिकॉन नीट चिकटत नाही आणि लवकर खराब होते. झोपण्यापूर्वी चेहरा धुऊन कोरडा करा.
- नाकातली चमकी किंवा मोरणी मास्कच्या कडेखाली येत असेल तर तिथे गळती होते आणि कातडी सोलवटते. रात्री ती काढून ठेवा किंवा वेगळ्या प्रकारचा मास्क पाहा.
- रात्री कवळी काढून झोपत असाल तर मास्कचे मापही कवळी काढूनच घ्या. कवळी काढल्यावर गाल आणि ओठ आत जातात आणि दिवसा बसणारा मास्क रात्री बसत नाही.
- दाट मिशी किंवा दाढी असेल तर नाकपुड्यांवर बसणारा छोटा मास्क बहुधा जास्त सोयीचा ठरतो.

मास्क तीन मुख्य प्रकारचे असतात: नाकपुड्यांवर टेकणारा, पूर्ण नाक झाकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. तिसरा सर्वांत "सुरक्षित" असे समजून अनेकजण तोच घेतात. पण त्याचा चेहऱ्याशी संपर्क जास्त, म्हणून गळतीच्या जागाही जास्त, आणि काही रुग्णांना त्यात दाबही जास्त लागतो. नाकाने श्वास नीट घेता येत असेल तर सुरुवात नाकाच्या मास्कने करणे चांगले. विकत घेण्यापूर्वी निदान दोन-तीन मास्क, आडवे पडून आणि यंत्र जोडून, लावून पाहायला मागा.

नाक आणि तोंड

नाक बंद असेल तर सीपॅप जमणे कठीण. झोपण्यापूर्वी सलाइनचा फवारा किंवा मिठाच्या पाण्याने नाक धुणे उपयोगी पडते. त्यासाठी पाणी उकळून गार केलेलेच घ्या. ॲलर्जी असेल तर डॉक्टर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा देतात. तो रोज, काही आठवडे वापरावा लागतो. एका रात्रीत गुण येत नाही. औषधाच्या दुकानात सहज मिळणारे, नाक चटकन मोकळे करणारे थेंब मात्र तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. त्यांची सवय लागून नाक आणखी चोंदते. नाकाचा पडदा फार वाकडा असेल किंवा मांस वाढले असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाक मोकळे झाल्यावर अनेकांना तेच यंत्र सुसह्य होते.

सकाळी तोंड लाकडासारखे कोरडे असेल, तर तोंड उघडे राहून हवा तिथून निसटते आहे. यंत्राचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, एक पायरी वाढवून पाहा. तरी फरक न पडल्यास हनुवटीचा पट्टा किंवा तोंड झाकणारा मास्क याबद्दल विचारा. स्वतःच्या मनाने तोंडाला चिकटपट्टी लावू नका. नाक चोंदलेले असेल किंवा उलटी झाली तर ते धोक्याचे आहे.

पोट फुगणे आणि दाबाचा प्रश्न

सकाळी ढेकर, पोटात वायू आणि फुगल्यासारखे वाटत असेल, तर हवा गिळली जाते आहे. डोक्याकडची बाजू थोडी उंच करून झोपणे, रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकणे आणि आम्लपित्तावर उपचार घेणे याने फरक पडतो. तरीही त्रास राहिला तर डॉक्टर दाब बदलतात, आपोआप दाब जुळवणारे यंत्र सुचवतात किंवा श्वास घेताना आणि सोडताना वेगळा दाब देणारे यंत्र देतात.

दाबाचा आकडा व्हिडिओ पाहून स्वतः बदलू नका. दाब फार कमी झाला तर श्वास अडतच राहतो. गरजेपेक्षा जास्त झाला तर गळती आणि वायू वाढतात, आणि काहींमध्ये मेंदूकडून श्वासाचा संदेशच थांबण्याचे प्रकार दिसू शकतात.

थंडी, पावसाळा आणि वीज

डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत घसा सुकतो, तेव्हा ओलावा वाढवावा लागतो. खोली गार आणि यंत्राची हवा कोमट असेल तर नळीत पाणी साचते आणि चेहऱ्यावर थेंब येतात. अशा वेळी नळीवर कापडी खोळ घाला किंवा ओलावा एक पायरी कमी करा. पावसाळ्यात हवाच दमट असते, त्यामुळे काहींना टाकी फारशी लागत नाही.

टाकीत डिस्टिल्ड पाणी घाला आणि रोज सकाळी उरलेले ओतून टाका. ते न मिळाल्यास एखाद-दुसऱ्या रात्री उकळून गार केलेले पाणी चालेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे पाणी वापरू नका. मास्कची मऊ कड रोज पुसा, मास्क आणि नळी आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. जंतुनाशक द्रावण, स्पिरिट किंवा ब्लीच नको.

वीज गेली तर गुदमरू का, ही भीती अनेकांना असते. मास्कला श्वास बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात आणि तोंड झाकणाऱ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडपही असते. अस्वस्थ वाटून जाग येते, तेव्हा मास्क काढावा. वीज वारंवार जात असेल तर यंत्र इन्व्हर्टरवर जोडता येते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा. ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद ठेवली तर बॅटरी बरीच जास्त वेळ टिकते.

यंत्राच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा

आजची बहुतेक यंत्रे रोजचा वापर, गळती आणि यंत्र लावूनही उरलेला एएचआय यांची नोंद ठेवतात. ही माहिती कार्डवर किंवा मोबाइलच्या ॲपमध्ये मिळते. उरलेला एएचआय साधारणपणे ५ च्या खाली असावा. गळती जास्त असेल तर हा आकडाही फसवा असू शकतो, म्हणून दोन्ही एकत्र पाहावे लागतात. तुमची वही आणि यंत्राची नोंद शेजारी ठेवली की "जमत नाही" या तक्रारीला नेमके कारण मिळते. पहिली भेट दोन आठवड्यांच्या आत ठरवून घ्या. सुरुवातीच्या दिवसांत जी सवय लागते, तीच बहुधा पुढे टिकते.

घरच्यांसाठी

"लावलं का मशीन?" असे रोज दरडावून विचारले की मास्क ही शिक्षा वाटू लागते. त्याऐवजी मदत वाटून घ्या. टाकीत पाणी भरणे, पट्टे मागून सरळ करून देणे, रात्री मास्क निघालेला दिसला तर हळूच आठवण करणे. घोरणे आणि श्वास अडणे रुग्णाला स्वतःला दिसत नाही, तुम्हाला दिसते. मास्क असताना आणि नसताना काय फरक पडतो, हे तुम्हीच सांगू शकता. "काल रात्री बाबा एकदाही दचकून उठले नाहीत" हे वाक्य दहा सूचनांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

लग्नकार्याला किंवा गावी गेल्यावर पाहुण्यांसमोर मास्क लावायची लाज वाटते, म्हणून यंत्र घरीच राहते. ते सोबत न्या. विमानात ते सामानात न टाकता हातात ठेवा. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना स्लीप ॲप्नियाबद्दल सांगा आणि यंत्र रुग्णालयात घेऊन जा.

डॉक्टरांना लवकर केव्हा भेटावे?

- गाडी चालवताना डुलकी लागते. उपचार नीट बसेपर्यंत गाडी चालवू नका.
- नाकातून वारंवार रक्त येते, कान दुखतो किंवा मास्कखाली जखम झाली आहे.
- रोज सहा-सात तास वापरूनही दिवसभर पेंग येते.
- मास्क असूनही झोपच लागत नाही. निद्रानाश हा वेगळा आजार सोबत असू शकतो आणि त्यावर औषधांविनाही उपचार आहेत. झोपेची गोळी स्वतःहून घेऊ नका. मद्य तर टाळाच, कारण त्याने घसा आणखी सैल पडतो.
- छातीत दुखते किंवा जागेपणीही दम लागतो. अशा वेळी भेटीची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.

सगळे उपाय करूनही सीपॅप सोसत नसेल तर मार्ग संपत नाही. वजन कमी करणे, कुशीवर झोपण्याचा सराव, खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे उपकरण आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया, असे पर्याय आहेत. कोणता पर्याय कोणाला लागू पडेल हे आजाराच्या तीव्रतेवर ठरते. म्हणून यंत्र गुपचूप बंद करू नका. बंद करावेसे वाटले की आधी डॉक्टरांना फोन करा.

आज रात्रीपुरते एवढेच करा: चेहरा धुवा, आडवे पडून पट्टे जुळवा, उशाशी वही ठेवा. मास्क निघालाच, तर वेळ लिहून तो परत लावा.